कामटीनं उलटलेली पानं

माझ्या लेकीनं माझ्या हातचा चहा हातमोजे घालून घेतला. पांढरे, पातळ, दवाखान्यात घालतात तसले. दोन वर्षांनी घरी आली होती. मी भाकरतुकडा ओवाळून टाकायला दारात उभी, आणि ही पायरीखालूनच म्हणते, "आई, लांबूनच. मला आत्ता कुणाला शिवायचं नाही." जुन्या काळच्या सोवळ्यातल्या बायकांनीसुद्धा एवढं अंग चोरलं नसेल. चहा उभ्यानं प्याली. पाया पडायच्या ऐवजी कमरेतून जराशी वाकली, बँकेतली पोरगी काउंटरवरून वाकते तशी. शेजारणी भिंतीवरून बघत होत्याच. मी हसून म्हटलं, "साहेब झाली आमची. साहेबाला जमीन लांब पडते." त्या हसल्या. मी मात्र आत जाऊन तिचा कप आदळून ठेवला.

मुक्कामालाही घरी राहिली नाही, सरकारी विश्रामगृहात उतरली. म्हणे नियम आहे.

ही रोहिणी. माझी एकुलती एक. रसायनशास्त्रात डॉक्टर झाली, सुया टोचणारी नव्हे, कागदावरची. आणि आली होती ती आमचंच वाचनालय तपासायला. मी त्या वाचनालयाची अध्यक्ष. केवळाबाई म्हटलं की हिवरसांगवीत दुसरी कुणी समजत नाहीत. शाळा दुसरीपर्यंत, तीही पावसाळ्यापुरती. पाटी वाचते, बसवरचं गाव वाचते, छापील कागद दिला तर बोट ठेवून एकेक अक्षर लावते. मग अध्यक्ष कशी, असं तालुक्याला एका बाबूनं विचारलं होतं. मी म्हटलं, "तुमच्यासारख्यांशी भांडायला शिकलेली माणसं जात नाहीत, म्हणून."

आता आधी आमची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडं चिंच. डोंगराच्या पायथ्याला शे-दीडशे वर्षांची झाडं आहेत. माघापासून वैशाखापर्यंत बाजाराच्या मोठ्या शेडमध्ये चाळीस-पन्नास बायका पोत्यांवर बसून चिंच फोडतात. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, हातोडीनं चिंचोका उडवायचा. दुसऱ्या गावांत मशिनी आल्या. आमची चिंच मऊ, मशिनीत तिचा चिखल होतो, म्हणून अजून हातच लागतात. शेडची एक भिंत वाचनालयाची. आमच्यातली एक वाचते, बाकीच्या ऐकतात. वाचणारीचा हात कामाला लागत नाही, म्हणून प्रत्येकीनं फोडलेल्या चिंचेतली एक मूठ तिच्या पाटीत टाकायची. माझ्या सासूच्या वेळेपासून हे चालत आलंय. हल्ली पद्मीन वाचते, माझ्या चुलत नणंदेची सून. तिची पाटी रोज सगळ्यांच्या आधी भरते, एवढं चांगलं वाचते.

पुस्तकाला हात कुणी लावायचा नाही, हा नियम मात्र माझा. तीस वर्षं झाली असतील, एका बाईनं चिंचेच्या हातानं पुस्तक उघडून बघितलं. आठ दिवसांत त्याला मुंग्या लागल्या, मग कसर, आणि कसर त्या कपाटातली अकरा पुस्तकं खाऊन गेली. मुनीरभाई तेव्हा नवीन ग्रंथपाल होते. सज्जन माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी रडकुंडीला आले होते. म्हणाले, "केवळाबाई, आता शेडमध्ये पुस्तक देता येणार नाही." मी सगळ्यांसमोर शब्द दिला, की इथून पुढं बोटाचा डाग दिसला तर माझं नाव बदला. तेव्हापासून वाचणारी पुस्तक लाकडी घोडीवर ठेवते आणि पान बांबूच्या कामटीनं उलटते. कामटी म्हणजे बोटभर रुंदीची बांबूची चिरफळी, घासून घासून गुळगुळीत केलेली. वाचणाऱ्या बाईचंसुद्धा बोट कागदाला लागत नाही. आमची पुस्तकं कशी कोरी करकरीत आहेत हे मी तालुक्यातल्या माणसांना आणून दाखवायची. ताठ मानेनं दाखवायची.

आता सरकारचं. सरकारच्या मनात आलं, की वाचनालयांवर फार खर्च होतो आणि वाचत कुणीच नाही. अनुदान कमी करायचं, पण कुणाचं करायचं? वहीवरून ठरवावं, तर वह्या कशा असतात ते आम्हाला सांगायला नको. तपासणी आली की मुनीरभाई हजेरीची वही घेऊन बसायचे. एकाच निळ्या पेनानं साठ सह्या. त्यांत माझ्या नवऱ्याची पण असायची, आणि त्याला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मी म्हटलं होतं, "मुनीरभाई, जिवंतपणी तो वाचनालयात फक्त पंख्याखाली झोपायला यायचा." ते म्हणाले, "आता तरी वाचू द्या की."

तर वहीवर भरवसा उरला नाही, आणि म्हणून यंत्र आलं. यंत्र बनवणाऱ्यांत माझी लेक होती.

शनिवारी सकाळी तिनं ते वाचनालयाच्या मोठ्या टेबलावर मांडलं. शिलाई मशिनीएवढं, वर काचेची पेटी. पुस्तक पेटीत ठेवलं की बारीक वाऱ्याच्या फुंकरीनं पान आपोआप उलटतं, आणि एक नळी प्रत्येक पानावरून वास घेत जाते. बायका दाराशी गोळा झाल्या होत्या. यमुनाबाईनं लगेच नाव ठेवलं, "हुंग्या." रोहिणीला हसू आलं. लहानपणीचं हसू होतं ते. ती त्यांना समजावून सांगू लागली, आणि खरं सांगते, छान सांगत होती.

"माणसाच्या बोटाला कायम थोडं तेल असतं," ती म्हणाली. "पान उलटलं की ते कागदात उतरतं. डोळ्याला दिसत नाही, पण वर्षानुवर्षं राहतं. आता शेंगदाण्याचं तेल उघडं ठेवलं तर काय होतं?"

"खवट होतं," बायका म्हणाल्या.

"तसंच. आपल्या अंगाचं तेलही हवेनं हळूहळू मोडत जातं, त्याचे दुसरेच पदार्थ होतात. किती मोडलंय ते मोजलं की बोट कधी लागलं ते कळतं. कालचं, की पाच वर्षांपूर्वीचं. आणि प्रत्येकाच्या कातडीवर जंतूंची वेगवेगळी वस्ती असते. दोन माणसांची कधी सारखी नसते. म्हणून कुणाचं नाव न विचारता कळतं, की या पुस्तकाला किती माणसांचे हात लागले, पहिल्या पानापर्यंतच लागले की शेवटपर्यंत. माझा हात लागला तर मोजणी बिघडेल, म्हणून हे सगळं असं." तिनं माझ्याकडं बघितलं. "आई, वही खोटी भरता येते. हे खोटं भरता येत नाही."

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "पहिल्या वीस वाचनालयांच्या यादीत आपलं नाव मी घातलंय. मीच. मला माहीत आहे ना इथं किती वाचतात. आपलं वाचनालय पहिलं येणार, मग कपात करणाऱ्यांची तोंडं बंद होतील."

माझं आदल्या दिवसाचं सगळं जळणं तिथल्या तिथं विझलं. माझी लेक लढायलाच आली होती. आमच्याच बाजूनं, फक्त लांबून.

हुंग्या दिवसभर पुस्तकं हुंगत होता. एका पुस्तकाला पाऊण मिनिट. रोहिणी सुरुवातीला पडद्यासमोर बसून होती, मग उभी राहिली, मग येरझारा घालायला लागली. दुपारी तीनच्या सुमाराला तिनं मुनीरभाईंना विचारलं, "ही कपाटं नवीन घेतलीत का? पुस्तकं बदललीत?"

"नाही मॅडम," ते म्हणाले. तिला त्यांनी कडेवर घेतलेली, पण आज मॅडम म्हणत होते. "तीच आहेत. तुमच्या लहानपणीचीच."

"मग हे असं कसं? प्रत्येक कपाटातली थोडी थोडी घेऊन चारशे पुस्तकं झाली. आठ वर्षांत सगळी मिळून एकतीस माणसं. त्यातली वीस स्पर्धा परीक्षेच्या गाइडवर. गोष्टींच्या, कादंबऱ्यांच्या कपाटाला शून्य. हातच लागलेला नाही."

एकच पुस्तक चांगलं निघालं म्हणे, आरोग्याचं एक जाडजूड. त्याची सहा पानं हाताळून हाताळून मऊ झाली होती. कोणती सहा ते मुनीरभाईंनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पद्मीन दारात उभी होती. तिच्या हातात कामटी होती, दुपारचं वाचन आटोपून आली होती. रोहिणीची नजर त्या कामटीवर गेली आणि तिथंच थांबली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी बघितला.

"आई," ती म्हणाली, "अजून कामटीनंच वाचता?"

"मग? डाग दाखव एक. सहा हजार पुस्तकांत एक डाग दाखव."

ती खुर्चीत बसली. शाळेतून आली की शेडच्या पायरीवर दप्तर टाकून ऐकत बसायची ही पोरगी. तारे कशानं जळतात, हे तिनं पहिल्यांदा पद्मीनच्या सासूच्या तोंडून ऐकलं, चिंच फुटल्याच्या आवाजात. त्या दिवशी माझ्या मागं लागली होती, आई, मला हेच शिकायचंय. सगळं ऐकून मोठी झाली आणि वाचन मोजायचं यंत्र बनवताना कामटी विसरली. तिच्या आठवणीत शेड भरलेली होती, आणि तिनं धरलं की भरलेली शेड म्हणजे बोटांनी भरलेली पुस्तकं.

"मग लिही ना तसं," मी म्हटलं. "एकीनं वाचलं, चाळिसांनी ऐकलं. चाळीस धर."

"ऐकलेलं कागदावर उतरत नाही, आई."

"डोक्यात उतरतं. तुझ्या डोक्यात उतरलं की नाही?"

आम्ही वरच्या साहेबांशी बोलायचं ठरवलं. शनिवारची कचेरी सुटायच्या आत मुनीरभाईंनी पडद्यावर संचालकसाहेबांना गाठलं. साहेब तरुण होते, गोरे, मागं कुंडीत झाड. माझं सगळं शांतपणे ऐकलं. असली माणसं मला आवडत नाहीत. तोडून बोलणाऱ्याशी भांडता येतं.

"आजी, तुमची भावना मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण ऐकणं हा निकष नाही. ऐकणाऱ्यांसाठी वेगळी योजना आहे. फोनवर साडेतीन लाख पुस्तकं, फुकट, हव्या त्या आवाजात."

"साहेब, तुमच्या फोनमधली बाई मधेच थांबून 'मेला का नाही मेला, मी सांगितलं होतं की नाही' असं म्हणते का? आमची पद्मीन म्हणते. मग आम्ही अर्धा तास भांडतो, तो माणूस मरायला पाहिजे होता की नव्हता. मग पुढचं वाचन."

साहेब हसले. मनापासून हसले. "तीही सोय येतेय, आजी. पुढच्या आवृत्तीत ती ऐकणाऱ्याशी गप्पा मारेल."

साठ वर्षांत मला कुणी असं गप्प केलं नव्हतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, की नियमाप्रमाणं सोमवारी पडताळणीची दुसरी फेरी असते, तिच्यात काही वेगळं दिसलं तर बघू.

वेगळं दिसलं तर. मी तो शब्द धरला.

रविवारी रोहिणी यंत्राचे कागद भरायला विश्रामगृहातच थांबली. मी मुनीरभाईंकडं वाचनालयाची किल्ली मागितली. त्यांनी मला न्याहाळलं, किल्ली दिली आणि स्वतः ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसले. म्हणाले, "मी काही बघत नाही, बाई. माझ्या तीस वर्षांची पुस्तकं आहेत ती." शेडमधल्या सगळ्या बायकांना मी आत बोलावलं. चाळीसच्या वर होत्या. एवढ्या बायका त्या खोलीत कधी आल्या नव्हत्या. भिंतीपलीकडून ऐकलेल्या पुस्तकांकडं त्या परक्याच्या घरात आल्यासारख्या बघत होत्या.

"हात धुवायचे नाहीत," मी म्हटलं. "प्रत्येकीनं एक कपाट. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, दर दहा-बारा पानांनी बोट लागलं पाहिजे."

"मामी," पद्मीन घाबरून म्हणाली, "पण रोहिणीताई म्हणाली होती ना, ताजं-शिळं कळतं म्हणून?"

ते मी विसरले नव्हते. एवढी खुळी नाही मी. घरात शेंगदाण्याच्या तेलाचा जुना डबा होता, दोन दिवाळ्यांपूर्वीचा, झाकण न बसणारा, उघडला की नाक मुरडावं असा खवट. तो मी बरोबरच आणला होता. ताटलीत ओतला. "बोट नुसतं टेकवायचं, पदराला पुसायचं, मग पान. शिळं पाहिजे ना यंत्राला? हे घ्या शिळं."

आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. ज्या पुस्तकांना तीस वर्षं मी मुंगी शिवू दिली नव्हती, त्यांच्या पानांवर तेलकट बोटं फिरताना. कडेला पिवळी गोल गोल वर्तुळं उमटत होती. पण बायकांचं निराळंच चाललं होतं. यमुनाबाई प्रत्येकीला विचारत फिरत होती, "ती जहाजाची गोष्ट कुठंय गं? ज्यात तो तरुण परत येतच नाही?" पद्मीननं शोधून दिलं. पुस्तक लहानसं, तळहातापेक्षा थोडं मोठं. यमुनाबाई ते उलटसुलट करून बघत राहिली. "एवढंसंच? आपल्याला तर दीड महिना पुरलं होतं." तिनं त्याची पानं मोजायला घेतली. दुसरी एक चित्रं बघत बसली. तिनं ऐकून मनात जे घर उभं केलं होतं, ते चित्रातल्या घराहून कितीतरी मोठं होतं असं ती सांगायला लागली. मी ओरडले, "चित्रं नंतर बघा, बोटं लावा!" संध्याकाळपर्यंत पाच हजारांच्या वर पुस्तकं झाली. जाताना कुणीही पदराला हात पुसत नव्हती. सगळ्यांच्या अंगाला पुस्तकांचा आणि खवट तेलाचा वास येत होता.

सोमवारी रोहिणीनं पहिलं पुस्तक पेटीत ठेवलं. तीन पानं झाली असतील, पडद्यावर लाल अक्षरं आली. दुसरं पुस्तक, पुन्हा लाल. दहाव्या पुस्तकाला ती थांबली.

"कुणी केलं हे?"

सगळ्या बायका जमिनीकडं बघत होत्या. मी म्हटलं, "मी."

"आई, काय लावलंय तुम्ही पानांना?"

"खवट तेल. तूच म्हणालीस ना..."

"ते मी समजावायला म्हटलं होतं!" तिचा आवाज फुटला. "शेंगदाण्याचं तेल आणि माणसाच्या कातडीचं तेल वेगळं असतं. यंत्राला भुईमूग दिसतोय, आई. भुईमूग! आणि त्याच्या जोडीला नवेनवे हात, सगळे एका दिवसाचे." पडदा तिनं माझ्याकडं वळवला. मला एवढंच वाचता आलं: बनावट. "हे मी पुसू शकत नाही. यंत्र निकाल स्वतःच वर पाठवतं. कुणी मधे हात घालू नये म्हणून. तसं मीच बनवलंय. आता नुसतं अनुदान नाही जाणार. फसवणूक धरून मान्यताच काढतील. पुस्तकंसुद्धा घेऊन जातील."

मुनीरभाई एक पुस्तक उचलून रुमालानं त्यावरचा डाग टिपत होते. तेल कागदात उतरलं की टिपून निघत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

दुपारी सगळ्या गेल्यावर मी रोहिणीसमोर बसले. हात जोडले नाहीत, ते मला जमत नाही. पण विचारलं, "काहीच नाही का उरलं?"

"एक जागा असते," ती म्हणाली. "अहवालाच्या शेवटी चौकट. तपासणाऱ्याचा अभिप्राय. चार ओळी. सगळ्या अहवालात तेवढंच माणसानं लिहायचं असतं, आणि वर तेवढंच माणूस वाचतो. निकष बदलायचा अधिकार त्यांना आहे."

"मग लिही. इथं कसं वाचतात ते लिही. तू काय काय ऐकलंस ते लिही. ही बोटं का लावली तेही लिही, माझ्या नावानिशी."

"ते विचारतील, तुम्हाला हे कसं माहीत."

"सांग, माझं गाव आहे."

"तपासणीला यायच्या आधी एक कागद भरून द्यावा लागतो, आई. वाचनालयाच्या समितीत माझं कुणी नाही, असं मी लिहून दिलंय. नाहीतर मला येऊच दिलं नसतं. आता कळलं तर नोकरी जाईल. यंत्रावरही शिक्का बसेल, बनवणारीच खोटी म्हणून."

"मी तुझी कुणी नाही?"

"कागदावर, आई."

मी उठले आणि तिच्यासाठी पाणी आणलं. एवढंच सुचलं. जाताना ती म्हणाली, "बघते मी." आमच्याकडं माहेराहून सासरी जाणारी लेक पुन्हा कधी येशील विचारल्यावर म्हणते, बघते. त्याचा अर्थ हो असाच असतो. मी तो तसाच धरला.

मधले वीस दिवस मी स्वस्थ बसले नाही. दोनशे अंगठे आणि सह्या घेऊन निवेदन दिलं, तालुक्याला, जिल्ह्याला. प्रत्येक ठिकाणी पोहोच मिळाली, शिक्का मिळाला. आमदाराच्या माणसानं सांगितलं, "मावशी, चोरी पकडली गेल्यावर आम्ही कोणत्या तोंडानं बोलायचं?" मी त्याला जे ऐकवलं ते इथं सांगत नाही. पण तो चुकीचं बोलला नव्हता. शेडमध्ये पद्मीन वाचत होती. आता घाई केल्यासारखी वाचायची. भांडणं कुणी काढत नव्हतं, गोष्ट संपवायची होती ना.

एकविसाव्या दिवशी ट्रक आला. चालक नसलेला, पांढरा, गुपचूप येऊन वाचनालयापुढं उभा राहिला. त्याच्यातून दोन हमाल उतरले आणि मागून सरकारी गाडीतून रोहिणी. ताबा घ्यायला तिलाच पाठवलं होतं.

मुनीरभाईंनी आदेश वाचला. मान्यता रद्द. ग्रंथसंग्रह जिल्ह्याच्या साठवणीत जमा. इमारत दुसऱ्या कामाला. वाचून झाल्यावर त्यांनी कपाटांच्या किल्ल्या एकेक करून टेबलावर मांडल्या, कोणती कुठली ते हमालांना नीट समजावून सांगितलं आणि चष्मा पुसत बाहेर गेले. बायका शेडच्या दारात उभ्या होत्या. पुस्तकं खोक्यात भरायला सुरुवात झाली. यमुनाबाई त्या लहान पुस्तकाचं खोकं कोणतं ते बघत राहिली.

"अहवाल जोडलाय का?" मी विचारलं.

"शेवटचं पान," रोहिणी म्हणाली.

मी कागद घेतला. कुणाला वाचायला दिला नाही. बोट ठेवून खालची चौकट शोधली. तपासणाऱ्याचा अभिप्राय. चार ओळींची जागा. तीन ओळी कोऱ्या. पहिल्या ओळीवर एकच शब्द. मी अक्षरं लावली. नि. रं. क.

"निरंक म्हणजे काय गं?"

ती खोक्यांकडं बघत म्हणाली, "काही नाही असं."

"काही नाही."

"आई, मी तीनदा लिहिलं. तीनदा खोडलं. मला मुलगा आहे, घराचे हप्ते आहेत. आणि हे यंत्र बंद पडलं तर बाकीच्या वाचनालयांचं काय? काही ठिकाणी त्यामुळं अनुदान वाढलंय, खरंच वाढलंय. एका गावासाठी..." ती थांबली. मग पिशवीतून एक लहान डबी काढली. "हे तुझ्यासाठी आणलंय. बोलणारं आहे. कुठलंही पुस्तक वाचून दाखवतं. शेडमध्ये ठेव, सगळ्यांना ऐकू जाईल. थांबतं, गप्पापण मारतं."

डबी मी टेबलावर ठेवून दिली. हमाल एक खोकं घेऊन मधून गेले, आम्ही दोघी बाजूला सरलो. मला वाटलं होतं, मी ओरडेन. आवाज निघाला तो अगदी साधा निघाला.

"ऐक, रोहिणी. पुस्तकांना तीस वर्षं हात लावू दिला नाही तो माझा तोरा होता. तेल फासलं तो माझा अडाणीपणा. दोन्ही मी चौकात उभी राहून कबूल करीन, मला लाज नाही. तुझ्या यंत्राला आमचं काही ठाऊक नव्हतं, त्याच्यावर माझा राग नाही. त्या हसऱ्या साहेबालाही ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं. उद्या या बायका मला विचारतील, तुझ्या लेकीनं काय लिहिलं. मी त्यांना निरंक सांगणार नाही. मी सांगीन, तिला सगळं ठाऊक होतं, आणि ती भ्याली."